घोंगडीवरच्या पुंगळ्या

"बाई, रायफल तुम्ही पसंत केलीसा. आता गोळी रायफलीला पसंत करू द्या," मुजावरचाचा म्हणाले आणि त्यांनी आपल्या बंदुकीच्या दुकानातल्या कपाटातून तीन पुठ्ठ्याचे बॉक्स काढून काउंटरवर ठेवले. एक हिरवा, एक लाल, एक निळा.

मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. कोल्हापुरातल्या एका शाळेत मुलींना पी.टी. शिकवायची आणि रविवारी रायफल क्लबात जायची. सहा वर्षं मी क्लबाच्या रायफलीवर हात साफ केला होता. ती जुनी, एका वेळेला एकच गोळी घेणारी. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे मागची सरकती दांडी, हाताने ओढायचा, काडतुसाची रिकामी पुंगळी काढून बाजूला ठेवायची, नवी गोळी भरायची. आता दीड वर्ष खेटे घालून माझा स्वतःचा परवाना आला होता आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरांची पॉइंट बावीसची सेमी-ऑटोमॅटिक मी विकत घेतली होती. हिला मॅगझीन, गोळ्या एकदम भरून ठेवायची डबी. खटका दाबला की एक गोळी सुटणार, पुंगळी ती आपली आपण उजवीकडे फेकणार आणि पुढची गोळी आपली आपण घेणार.

"तिन्हीतली चांगली कुठली, चाचा?"

"तिन्ही चांगल्या. म्हंजे पोरी तिन्ही चांगल्या असत्यात, पर सून कुठली हुईल ते घर बघून ठरतंय." एवढं बोलून त्यांनी माझ्या शेजारी स्टुलावर बसलेल्या आबांकडे पाहिलं. "काय हवालदार, बराबर का?"

आबा म्हणजे माझे सासरे. पलटणीत सव्वीस वर्षं आर्मरर होते, म्हणजे लोकांच्या रायफली उघडायच्या, दुरुस्त करायच्या आणि परत द्यायच्या. निवृत्त झाल्यावर आमच्या क्लबाच्या रायफलींची देखभाल ते फुकट करत. आठवड्यातले सहा वार आबा फक्त रविवारची वाट बघत. शनिवारी संध्याकाळीच त्यांचे बूट पॉलिश होऊन उंबऱ्याशी उभे राहत आणि सासूबाई म्हणत, "बूट तेवढं आत्ताच पाठवा की पुढं, तुमी उद्या जावा."

"कुठली कसली हाय?" आबांनी विचारलं.

"हिरवी म्हंजे सावकाश जाणारी. तुमच्या क्लबात वापरत्यात तीच. लाल म्हंजे जोराची. निळी मधली."

"वाच गं पोरी त्यावर काय लिवलंय. चष्मा घरी ऱ्हायला माझा."

मी वाचून दाखवलं. आबांनी प्रत्येक बॉक्समधून एकेक काडतूस काढून अंगठा आणि बोट यांच्यात फिरवलं, टोकावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "तिन्ही बांधा."

परवान्यावर मला एका वेळेला दीडशेच काडतुसं मिळणार होती. तीन बॉक्स घेतले की संपलं. पुढची कधी येतील ते दुकानालाही माहीत नव्हतं, आणि सव्वा महिन्यावर क्लबाची निवड स्पर्धा आली होती. तिच्यातून राज्य स्पर्धेसाठी चौघांचा संघ जाणार होता. त्या वर्षी एक नवा प्रकार होता: वीस सेकंदांत पाच गोळ्या, अशा चार फेऱ्या. सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांचाच खेळ. दोनशेपैकी एकशेऐंशीला संघात जागा होती, आणि मला ती हवी होती. सहा वर्षं मी इतरांच्या बॅगा उचलून स्टेशनवर सोडायला गेले होते. एकदा तरी मला कुणीतरी सोडायला यावं, एवढंच.

पहिल्या रविवारी रेंजवर आबांनी एक वेगळंच काम काढलं. त्यांनी घरून धनगरी घोंगडी आणली होती. माझ्या उजव्या हाताला ती पसरून ते तिच्या कडेला मांडी घालून बसले.

"हे काय आबा? सहलीला आलोय का आपण?"

"पुंगळ्या कोण येचणार गवतात? तुझा बा?"

हे मात्र खरं होतं. आमच्या क्लबात जेवढी काडतुसं फोडाल तेवढ्या पुंगळ्या सेक्रेटरी खोतसाहेबांकडे मोजून जमा कराव्या लागत. एक जरी कमी पडली तरी साहेब सगळ्यांना गवतात उतरवत. जुन्या रायफलीत पुंगळी हातात यायची, तिचा प्रश्न नव्हता. ही नवी मात्र वाटेल तिकडे फेकणार.

आबांचा स्वतःचा एक नियम क्लबात सगळ्यांना पाठ होता. हत्यार एकाकडे, काडतूस दुसऱ्याकडे, आणि गोळी मारायच्या लाइनीवर आडवं पडेपर्यंत दोघांची गाठ पडू द्यायची नाही. त्यामुळे काडतुसं नेहमी आबांच्या खाकी पिशवीत. मी आडवी झाले की ते बॉक्स पुढे करणार, तोवर मी हातही लावायचा नाही.

आधी हिरवा. पहिली गोळी अलगद सुटली आणि बोल्ट अर्ध्या वाटेत अडकला. पुंगळी आतच राहिली. मी हाताने ओढून काढली. दुसरीचंही तेच. पाचातली एकही धड बाहेर पडली नाही.

"जोर पुरत न्हाई तिला," आबा म्हणाले. "बोल्ट मागं ढकलायला गोळीनंच जोर द्यावा लागतोय. दुसरं कोण देणार? दुसरी लाव."

लाल गोळी सुटली ती धाडकन. पुंगळी घोंगडी ओलांडून थेट खोतसाहेबांच्या चहाच्या कपात पडली. साहेब कप घेऊन आले, पुंगळी चमच्याने बाहेर काढली आणि आबांच्या हातात ठेवली. "हवालदार, हिशेबात धरा. आणि ते डोळ्यांचं सर्टिफिकेट तेवढं आणा. तीन महिने झाले. लाइनीच्या आत थांबणाऱ्या प्रत्येकाचं लागतंय आता, मी काय करू?"

"आणतो की साहेब. पुढच्या रविवारी."

"गेल्या रविवारीपण हेच म्हणालेलात."

साहेब गेल्यावर मी निळा लावला. पाच गोळ्या मारल्या. काही अडकलं नाही, धाडधाड नाही, रायफल नीट श्वास घेतल्यासारखी चालली. टार्गेट बघायला मी अजून उठलेही नव्हते, तोवर आबांनी घोंगडीवरून तळहात फिरवला. पाची पुंगळ्या एका ताटलीएवढ्या जागेत पडल्या होत्या.

"ही," ते म्हणाले. "हीच तिची गोळी."

"आधी टार्गेट तर बघूया."

"ते तू बघ. मला रायफलीचं कळलं."

मी पन्नास मीटर चालत गेले. पाच भोकं, आठ आण्याच्या नाण्याखाली झाकतील एवढी जवळ. मी परत आले तेव्हा आबा पुंगळ्या हातात खुळखुळवत बसले होते. "टार्गेट न बघता कसं सांगितलंत?" मी विचारलं. "ज्या गोळीची पुंगळी दर खेपेला एकाच जाग्याला पडती, तिचा जोर दर खेपेला सारखा असतोय. जोर सारखा तर नेम सारखा. हे पलटणीत शिकलो," ते म्हणाले. मी मान डोलावली. माणूस सव्वीस वर्षं एक काम करतो तेव्हा त्याला असं काहीतरी येणारच, असं मला वाटलं.

मग सरावाला मी निळ्यातल्या अगदी मोजक्या गोळ्या वापरल्या. बाकी सराव रिकाम्या रायफलीवर, घरच्या माडीवर, भिंतीवर काळा ठिपका काढून. स्पर्धेला सव्वीस निळ्या उरल्या होत्या. लागणार वीस.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी घरात नेहमीचा गोंधळ. हे साखर कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले, सासूबाईंची पूजा चाललेली आणि माझी रिबन ऐन वेळी तुटलेली. वेणी सुटी राहिली की लाइनीवर केस डोळ्यांत येतात. खुंटीला आबांची खाकी पिशवी होती. तिच्यात दोन बॉक्स दिसले. हिरवाही होता, कारण उरलेल्या हिरव्या गोळ्या आबा क्लबाच्या जुन्या रायफलींना देऊन टाकणार होते. दोन्हींपैकी एका बॉक्सला रबरबँड होतं. बॉक्सला झाकण आहे की, रबर कशाला हवं, असं म्हणत मी ते काढलं आणि वेणीला लावलं.

रेंजवर त्या दिवशी माणसं बरीच होती. बाहेरच्या क्लबांतले नेमबाजही बघायला आलेले. आबांनी माझ्या उजवीकडे घोंगडी पसरली. खोतसाहेब मागून येऊन त्यांच्याशी हळू बोलले, पण मला ऐकू आलं.

"आबा, आज पाहुणे आहेत म्हणून काही बोलत नाही. पण तुम्हाला दिसतंय ना नीट? खरं सांगा. लाइनीवर जिवंत काडतुसं असतात. काही झालं तर मला तुम्हाला कायमचं बंद करावं लागेल."

"दिसतंय की," आबा म्हणाले. "तुमच्या मिशीला कलप लावलाय त्यो बी दिसतोय."

साहेब हसत गेले. साहेब गेली दहा वर्षं मिशीला कलप लावत होते.

"आडवे व्हा," हुकूम आला. मी आडवी झाले. रायफल खांद्याला लावली. आबांनी पिशवीत हात घातला, बोटांनी काहीतरी चाचपलं, दोन्ही बॉक्स हातात घेतले, पुन्हा चाचपलं. त्यांना एवढा वेळ कधी लागत नसे. मग एक बॉक्स पुढे केला. "घे पोरी."

बॉक्स हिरवा होता.

वेणीतलं रबर मला मानेला टोचायला लागलं. चष्मा घरी राहिला म्हणून लेबल वाचायला लावणारे आबा. टार्गेटकडे न बघता घोंगडीवरून हात फिरवणारे आबा. तीन महिने न आलेलं सर्टिफिकेट. निळा बॉक्स त्यांना रंगाने नव्हे, रबराने ओळखू यायचा, आणि ते रबर मी केसांत घालून बसले होते.

निळा बॉक्स हातभर अंतरावर होता. "आबा, हा नव्हे, दुसरा द्या," एवढंच म्हणायचं होतं. पण खोतसाहेब चार पावलांवर उभे होते, हातात घड्याळ घेऊन, आमच्याचकडे बघत. हिरव्याला निळा म्हणणाऱ्या माणसाला ते पुढच्या रविवारी आत घेणार नव्हते, आणि त्यांचं चुकलंही नसतं. उंबऱ्याशी पॉलिश करून ठेवलेले बूट मला दिसायला लागले.

मी हिरव्या गोळ्या मॅगझीनमध्ये भरल्या.

पहिली गोळी सुटली, बोल्ट अडकला. हात खटक्यावरून काढला, बोल्ट ओढला, पुंगळी कोपराशी पडली, पुन्हा नेम. दुसरी. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पुंगळी तिरकी अडकली आणि ती नखाने काढता काढता घाम फुटला. शिट्टी वाजली तेव्हा माझी पाचवी गोळी मॅगझीनमध्येच होती. एक गोळी गेली म्हणजे दहा गुण गेले.

दुसऱ्या फेरीपासून मी डोकं शांत केलं. क्लबाच्या जुन्या रायफलीवरची सहा वर्षं कामाला आली. मारायचं, ओढायचं, श्वास सोडायचा, मारायचं. शेजारचे लोक आपापल्या रायफली भराभर चालवत होते आणि मी वीस सेकंदांत पाच वेळा बोल्ट ओढत होते, हातपंपावर पाणी काढणाऱ्या बाईसारखी. पाचीच्या पाची गोळ्या सुटल्या. तिसरी फेरीही. चौथीही. सगळा वेळ आबा उजवीकडे घोंगडीच्या कडेला गप्प बसून होते. मी एकदाही तिकडे पाहिलं नाही.

एकशे पंचाहत्तर.

पाच गुणांनी गेलं. संघातली चौथी जागा एका कॉलेजच्या मुलीला मिळाली. चांगली होती ती, मी तिला शाबासकी दिली. मग रायफल गुंडाळली, कोपराजवळच्या पुंगळ्या गोळा करून साहेबांकडे दिल्या आणि आबांना स्कूटरवर मागे बसवलं.

वाटेत रसाच्या गुऱ्हाळापाशी आबा म्हणाले, "थांबव."

बाकड्यावर बसलो. दोन ग्लास आले. आबांनी ग्लासाला हात लावला नाही.

"घोंगडीवर एक बी पुंगळी आली न्हाई पोरी," ते म्हणाले.

मी माझाही ग्लास बाजूला ठेवला.

"मला पयल्याच गोळीला कळलं. बोल्टचा आवाज मला कळत न्हाई व्हय? हिरवी दिली तुला मी. पिशवीत हात घातला, रबर कुठं लागंना. म्हटलं सुटलं आसंल. आंदाजानं दिला बॉक्स. आणि आवाज आल्यावर... तवाच वरडायला पायजे हुतं मी. पयल्या फेरीनंतर. खोतसायबाला सांगायला पायजे हुतं की माझी चूक हाय, पोरीला दुसरा बॉक्स देऊ द्या. निळा माझ्या मांडीवर हुता. न्हाई सांगितलं. रविवार जाईल म्हून गप बसलो. तुझी जागा गेली आणि मी गप बसलो."

आबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आताही ते रडले नाहीत, फक्त रसाच्या ग्लासाकडे बघत राहिले, आणि ग्लास थोडा उजवीकडे होता.

"कधीपासून दिसत नाही, आबा?"

"डावा गेल्या दिवाळीपासनं. उजव्यात जरा उजीड हाय. माणूस कळतंय, तोंड न्हाई." मग एकदम म्हणाले, "तुला कवा कळलं?"

"बॉक्स बघितला तेव्हा."

"मारायच्या आधी?"

"व्हय."

"मग मागितला का न्हाईस दुसरा?"

मी वेणी पुढे घेतली, रबरबँड काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते त्यांनी दोन बोटांनी ताणून पाहिलं. बराच वेळ त्यांना उमगेना. उमगलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला.

"तुझ्या केसांत व्हय गं हे!"

"सकाळी रिबन तुटली."

"आणि मी पिशवीचा कोपरान् कोपरा धुंडाळला!" ते हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. मीही हसले, मग रडले, गुऱ्हाळवाला आमच्याकडे बघत राहिला. या माणसावर माझा किती जीव आहे हे मला त्या बाकड्यावर कळलं. पाच गुणांचं दुःख झालं होतंच, ते काही खोटं नव्हतं. पण परत ती वेळ आली असती तर मी परत हिरव्याच गोळ्या भरल्या असत्या.

"येडी हायस," आबा रबर परत देत म्हणाले. "बांध केस. मोकळ्या केसांनी नेलं तुला घरी तर तुझी सासू मलाच इचारंल काय झालं म्हून."

पुढच्या रविवारी आबा बूट घालून स्वतः खोतसाहेबांसमोर उभे राहिले. मी मागे होते. "साहेब, सर्टिफिकेट येणार न्हाई. दिसत न्हाई मला. आणि त्या दिवशी हिची जागा माझ्यामुळं गेली," त्यांनी सांगितलं, पलटणीत रिपोर्ट देतात तसं. साहेबांनी बराच वेळ मिशीवरून बोट फिरवलं. मग आत जाऊन एका बिघडलेल्या रायफलीचा बोल्ट आणला आणि आबांच्या हातात दिला. आबांनी तो तिथल्या तिथे, वर आभाळाकडे तोंड करून उघडला, आतला गंज रुमालाने पुसला आणि परत बसवला. "लाइनीच्या आत नाही, आबा," साहेब म्हणाले. "दोरीच्या बाहेर टेबल लावतो. बोल्ट सगळे तुमच्याकडेच येतील." डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढे काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं मात्र औषधाने बरीच वर्षं टिकलं.

राज्य स्पर्धेची निवड परत आली ती वर्षाने. निळ्या काडतुसांचा नवा बॉक्स मी मुजावरचाचांकडून आणला होता आणि आबांनी त्याला सासूबाईंकडून जाड दोरा शिवून घेतला होता, रबरावर आता त्यांचा विश्वास नव्हता. साहेबांनी मला उजवीकडची शेवटची जागा दिली. घोंगडी माझ्या कोपरापासून दोरीपर्यंत पसरलेली, आणि दोरीच्या पलीकडे, घोंगडीचं टोक धरून, आबा.

चार फेऱ्या झाल्या. रायफल एकदाही अडकली नाही. "हत्यारं खाली," हुकूम झाला आणि मी मान वळवली. आबा घोंगडी टोकाला धरून हळूहळू स्वतःकडे ओढत होते, जाळं ओढावं तशी. मग ते तिच्यावर वाकले आणि तळहाताने पुंगळ्या चाचपायला लागले. ओठ हलत होते. टार्गेटं आणायला माणसं पुढे निघाली होती. सगळे तिकडे बघत होते. मी आबांकडे बघत होते.

"वीस," ते मोठ्याने म्हणाले. "सगळ्या एका जाग्याला. ऊठ पोरी, बॅग भर."